गिरणी थांबवणारी इंदूआक्का

आमच्या वसाहतीत पोरांना मार बसणं ही काही बातमी नव्हती. कंपनीचा भोंगा व्हायचा, नळाला पाणी यायचं, कुठल्यातरी खोलीत एखादं पोर ओरडायचं. यातल्या पहिल्या दोन आवाजांना बायका हातातलं काम टाकून उठत. तिसऱ्याला कुणी मानही वळवत नसे.

मी लग्न होऊन पिंपरीला आले त्याच आठवड्यात गव्हाचा डबा घेऊन गिरणीत गेले होते. वसाहतीच्या तोंडाशी पत्र्याची शेड होती, तिच्यात ती गिरणी. पुढे सात-आठ जणी, पट्ट्याचा फटफटाट, बोललेलं ऐकू येईना. आणि मध्येच गिरणी थांबली. मला वाटलं वीज गेली, पण वरचा दिवा चालू होता. गिरणीवालीनं स्वतःच खटका पाडला होता. उंच, हाडापेरानं मोठी बाई. पदर डोक्याला घट्ट बांधलेला, भुवया पिठानं पांढऱ्या. ती दाराबाहेर बघत उभी राहिली. एवढा वेळ गिरणीच्या आवाजाखाली दबलेलं सगळं आता स्वच्छ ऐकू यायला लागलं. मागच्या रांगेतल्या कुठल्याशा खोलीत एक मुलगा "नको ना दादा, नको ना" म्हणत होता आणि मध्ये मध्ये फटक्याचा आवाज येत होता. मारणाऱ्यालाही बहुधा कळलं असावं, की आपला आवाज आता साऱ्या वसाहतीत चाललाय. आणखी एक फटका, मग एक शिवी, मग दार लावल्याचा आवाज, मग काहीच नाही.

तिनं थोडं थांबून, नवऱ्याच्या मदतीनं जात्याचा वरचा दगड सैल केला आणि गिरणी पुन्हा चालू केली.

रांगेतली एक बाई वैतागून म्हणाली, "आक्का, माझं दळण अर्ध्यात अडकवलंत की! तो काय तुमचा पोरगा होता?"

"न्हाई," ती म्हणाली. "पन कान माझं हायेत."

इंदूआक्काची आणि माझी ओळख ही अशी झाली. पुढची दहा-बारा वर्षं ती माझी शेजारीण होती.

आक्का मूळची मोशीकडची, शेतकऱ्याच्या घरातली. नवरा, त्यांना सगळे तात्या म्हणत, एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर होते. प्रेसखाली त्यांच्या उजव्या हाताची बोटं गेली आणि नोकरीही गेली. मग दोघांनी ही गिरणी टाकली. तात्या फारसं बोलत नसत. दळण मध्येच थांबलं की पुन्हा सुरू करताना मोटरवर ताण येतो, म्हणून आक्कानं खटका पाडला की ते एवढंच म्हणत, "जळंल गं एक दिवस ती मोटार." आक्का म्हणायची, "जळू द्या." यापलीकडे त्या दोघांचं या विषयावर भांडण झालेलं मी ऐकलं नाही.

तिच्या काही सवयी होत्या. दळण घेऊन आलेल्या पोराला ती कधीच "काय रे, कुणी मारलं का?" असं विचारत नसे. "पोर खोटं बोलतंय मग, आन् त्याला खोटं बोलाया आपुनच लावतो," ती म्हणायची. त्याऐवजी ती पोराला कामाला लावायची. "ह्ये पोत्याचं तोंड धर बरं वर." पोर हात वर करायचं आणि तिची नजर त्याच्या दंडावरून, मनगटावरून फिरायची. एखाद्याचा हात खांद्याच्या वर जात नसे. ते तिच्या ध्यानात राहायचं. मग दोन दिवसांत ती त्या घरी या ना त्या निमित्तानं जाऊन बसायची, चहा प्यायची, आणि उठताना म्हणायची, "हातात काय घेत जाऊ नगा."

हा तिचा तेव्हाचा नियम. पोराला एखादी चापट मारली तर तिची हरकत नव्हती. हातात पट्टा, लाटणं, सांडशी, काही घ्यायचं नाही. "नुसत्या हातानं मारलं की आपल्या हाताला बी लागतंय. मग मानूस थांबतं."

हा नियम सगळ्यांना मान्य होता असं मुळीच नाही. गिरणीच्या रांगेत यावर जेवढी चर्चा व्हायची तेवढी शाळेतही होत नसेल. साताऱ्याकडची एक बाई म्हणायची, बापाचा धाक नसला की पोरं स्टेशनवर जाऊन पत्ते खेळतात, तिनं डोळ्यांनी पाहिलंय. कोकणातल्या सावंतीणबाई म्हणायच्या, "आमी नाय हो मारीत. जेवणाचं ताट फक्त उचलून ठेवतो." त्यांना यात काही वावगं वाटत नव्हतं. पहिल्या रांगेतले एक वेल्डर होते, त्यांनी तर छातीवर हात मारून सांगितलं, "मला बापानं खांबाला बांधून मारलंय. म्हणून आज कंपनीत पर्मनंट आहे."

आक्का जात्याच्या तोंडाशी पीठ चाचपत होती. तिनं मान वर न करता विचारलं, "आन् तुमचा धाकला भाऊ?"

वेल्डरांचा धाकटा भाऊ तेराव्या वर्षी घरातून पळून गेला होता आणि पुढे त्याचा पत्ता लागला नव्हता, हे सगळ्यांना माहीत होतं. ते डबा उचलून गेले. आठ दिवस त्यांच्या घरचं दळण आलं नाही, नंतर यायला लागलं.

आक्का नेहमी बरोबरच वागायची असं मात्र नाही. शारदा नावाची एक तरुण बाई एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटायला जायची. नवरा सकाळी आठला कामावर. दोन लहान पोरं. त्यांना खोलीत ठेवून ती बाहेरून कुलूप लावून जायची. पोरं खिडकीच्या गजांना धरून उभी असायची. एकदा गिरणीत, सगळ्यांसमोर, आक्का तिला म्हणाली, "शारदे, जनावरं बी दावनीला बांधून मानूस लांब जात न्हाई."

शारदाचा चेहरा लाल झाला. पण ती गप्प बसणाऱ्यातली नव्हती. "मी माझ्या पोरांना मारत नाही, आक्का. उपाशी ठेवत नाही. शिव्या देत नाही. कुलूप लावते, कारण समोर रेल्वेची लाइन आहे आणि माझी सासू गावाला आहे. तुम्ही सांगा, कुठं ठेवू? तुमच्या डोक्यावर?"

दुसऱ्या दिवशी पहाटे, शारदा कामावर निघायच्या आधी, आक्का तिच्या दाराशी जाऊन उभी राहिली. मी पाण्याला उठले होते म्हणून ऐकलं. "काल चुकलं माझं. चारचौघींत बोलाया नको हुतं. आन् तू इचारलंस त्ये बराबर हाय. माझ्या डोक्यावर न्हाई, पन गिरनीपाशी ठेव."

तात्यांनी शेडच्या एका बाजूला, पट्ट्यापासून लांब, बांबूचं कुंपण घालून दिलं. एका हाताला बोटं नसताना त्यांनी सुतळीच्या गाठी कशा मारल्या, तेच जाणोत. आधी शारदाची दोन पोरं आली, मग आणखी कुणाकुणाची. संध्याकाळी आया पोरं न्यायला यायच्या तेव्हा सगळी सारखीच पांढरी दिसायची आणि तोंडावरचं पीठ पुसूनच ओळखावी लागायची.

मग दुष्काळाचं वर्ष आलं. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, यायचा, त्याच्या भाकरी पोरं खात नसत आणि त्यावरूनही मार बसायचा. त्याच सुमारास बीडकडून माणिकराव नावाचा माणूस बायको आणि चार लेकरं घेऊन आमच्या रांगेत राहायला आला. फाउंड्रीत ठेकेदाराकडे कामाला. दिवसभर भट्टीपुढे उभा राहून तोंड भाजून निघालेलं. कुणाशी भांडण नाही, दारूचं व्यसन नाही, बायकोवर कधी हात टाकलेला कुणी पाहिला नाही. थोरली मुलगी कमल, दहा-अकराची. पाणी भरणं, धाकट्यांना सांभाळणं, दळण आणणं, सगळं तिच्याकडे. फार गुणी पोर, असं आम्ही सगळ्या म्हणायचो, कारण तिच्या खोलीतून कधी रडण्याचा आवाज येत नसे.

एका दुपारी कमल मिलोचा डबा घेऊन आली आणि तो तिला उचलून कट्ट्यावर ठेवता येईना. आक्कानं सवयीनं म्हटलं, "हात वर कर बरं." कमलनं प्रयत्न केला. परकराच्या वरची पोलक्याची कड वर सरकली. आक्कानं तिच्याजवळ जाऊन पाठीवरचं पोलकं दोन बोटांनी उचललं आणि पुन्हा खाली सोडलं. मी शेजारीच होते. रबरी नळीचे वळ होते, काही जुने, काही त्याच दिवसाचे.

आक्कानं खटका पाडला. त्या वेळी कुणीही रडत नव्हतं. गिरणी थांबली आणि रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या, की ऐकायचं तरी काय.

"ही रडतच न्हाई," आक्का म्हणाली. "आन् म्या आपली कानाच्या भरवशावर ऱ्हायले."

नंतर कळलं ते एवढंच: धाकटा भाऊ नळावर पडला, त्याचं डोकं फुटलं, तेव्हा कमल मुलींबरोबर सागरगोटे खेळत होती. तेवढ्यासाठी मारलं होतं. याआधीही मारलं होतं, आणि रडलीस तर आणखी मिळेल असं सांगूनच मारलं होतं.

आक्का कौसाबाईला, म्हणजे कमलच्या आईला, जाऊन सांगून आली, "पोरगी माझ्याकडं हाय. आज येनार न्हाई." कौसाबाई चुलीपुढून उठलीही नाही म्हणे.

दिवस मावळायच्या आत माणिकराव कामावरून सरळ गिरणीपुढे आला. "पोरगी द्या."

"देते की," आक्का म्हणाली. "आधी ती नळी आनून द्या."

"माझं लेकरू हाय, बाई. मी मारीन न्हाईतर काय बी करीन. तुमाला कुनी इचारलं?"

"कुनीच न्हाई इचारलं. त्येच तर वाईट झालं."

तात्या उठून दारात उभे राहिले. माणिकराव गेला.

पोलिसात जायचा विचार कुणाच्याही मनात आला नाही. बापानं लेकीला मारलं ही तक्रार होऊ शकते, असं तेव्हा आमच्यातल्या कुणाला वाटतच नव्हतं. उलट दुसऱ्या दिवसापासून वसाहत आक्कावर फिरली. मारणं चूक असेल, पण परक्याची पोर घरात ठेवून घ्यायची म्हणजे काय? आज माणिकरावाची, उद्या आपली. पुरुषांनी आपापसात ठरवलं आणि बायकांचे डबे रेल्वे लाइनपलीकडच्या गिरणीकडे जायला लागले. आमचे हेही मला म्हणाले, "आपण यात पडायला नको, विमल." आमच्याकडे त्या दिवसांत पीठ शिल्लक होतं, त्यामुळे माझी परीक्षा झालीच नाही. आक्का रिकाम्या शेडमध्ये बसून राहायची. बांबूच्या कुंपणातली पोरंही निम्मी झाली होती. शारदानं मात्र आपली दोन्ही आणून सोडली, रोजच्यासारखी.

त्याच आठवड्यात आक्काच्या मुलानं, दिलीपनं, एक उद्योग केला. उभ्या असलेल्या मालगाडीखालून तो पलीकडे गेला आणि तो बाहेर पडतो न पडतो तोच गाडी हलली. कुणीतरी धावत येऊन सांगितलं. दिलीप घरी आल्याबरोबर आक्कानं त्याच्या तोंडात सगळा जोर लावून मारली. नुसत्या हातानं. एकदाच. मी ताक द्यायला गेले होते, दारातच थबकले.

दिलीप गाल धरून उभा राहिला. पण कोपऱ्यात भाजी निवडत बसलेली कमल, जिला कुणी काहीच केलं नव्हतं, ती दोन्ही हातांनी डोकं झाकून खाटेखाली शिरली. तिचा परकर ओला झाला होता. तोंडातून आवाज नाही.

आक्का खाली बसली. खाटेखाली हात घातला, पण कमलला हात लावला नाही. हात नुसता फरशीवर ठेवून दिला. "इमल," ती मला म्हणाली, "तू जा. ताक ठेव आन् जा."

गुरुवारी सगळ्या कंपन्यांना सुट्टी. त्या सकाळी मारुतीच्या पारावर पुरुष जमले, बायका कडेला. माणिकरावाला मुलगी परत द्यायची, हे आधीच ठरल्यासारखं होतं. वेल्डर बोलले, आणखी दोघे-तिघे बोलले. आईबापाला हक्क आहे, आम्ही पोरांच्या भल्यासाठीच मारतो, शेजाऱ्यानं समजूत घालावी पण घरात हात घालू नये. त्यात अगदीच खोटं काही नव्हतं, म्हणून ऐकायला जड जात होतं.

मग माणिकराव उभा राहिला. "मला येक सांगा, आक्का. मंगळवारी तुमी तुमच्या पोराला मारलं का न्हाई?"

गलका झाला. कुणीतरी हसलंही. आता आक्का काय बोलते याकडे सगळ्यांचे डोळे. मला वाटलं ती म्हणेल, मी नुसता हात वापरला, माझा नियम तोच आहे.

"मारलं," आक्का म्हणाली. "लई जोरात मारलं. भ्याले हुते म्हनून मारलं. आन् चुकलं माझं."

ती माणिकरावाकडे वळली.

"म्या तुमाला सांगत हुते, हातात काय घेऊ नगा, नुसत्या हातानं मारा. माझंच खरं, असं मला वाटत हुतं. मार माझ्या दिल्याला बसला आन् कमळी खाटंखाली गेली. तवा मला दिसलं. माझा हात आन् तुमची नळी, तिला येकच दिसतंय. म्या दिलीपला सांगितलंय, न्हाई मारनार म्हनून. आता तुमी सांगा."

मग माणिकरावानं विचारलं, आणि तो वाद घालत नव्हता, खरंच विचारत होता, "मंग लेकरं वळवायची कशी? मला तर येकच ठावं हाय. माझ्या बापानं त्येच केलं."

"मला बी ठावं न्हाई," आक्का म्हणाली. "मी बी आताच शिकतीया."

एवढ्यात बायकांतून कौसाबाई पुढे आली. तिचा आवाज आमच्यापैकी पुष्कळ जणींनी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. नवऱ्याकडे न बघता, पाराकडे तोंड करून ती म्हणाली, "ती नळी म्या परवाच गटारात टाकली. हे हुडकायलेत घरात. सापडायची न्हाई." मग थोडं थांबून, "दुसरी आनली तर ती बी टाकीन. आक्का, पोरगी मी न्यायला आले. ह्यांनी न्हाई, मी."

सभा अशी मोडली नाही, पांगली. एकेक जण उठून गेला. कौसाबाई कमलला घेऊन गेली. शाळा सुटली की कमलनं गिरणीत येऊन बसायचं, एवढं आक्कानं कौसाबाईशी बोलून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा घेऊन गेले तर माझ्या आधी कौसाबाई मिलोचा डबा घेऊन उभी होती, आणि वेल्डरांची बायको तिच्यामागे.

यानंतर वसाहतीतली सगळी माणसं सुधारली असं मी लिहिणार नाही. गिरणी पुढेही थांबायची. काही घरांनी दार-खिडकी लावून मारायला सुरुवात केली, काहींनी कायमची दुसरी गिरणी धरली. सावंतीणबाईंनी ताट उचलायचं सोडलं, ते कशानं सोडलं हे त्यांनी कधी सांगितलं नाही. माणिकरावानं कमलवर पुन्हा हात टाकल्याचं कुणी ऐकलं नाही, पण तो आक्काशी अनेक वर्षं बोललाही नाही. समोरून आला की रस्ता बदलायचा. आक्काला त्याचं काही नव्हतं. "माझ्याशी कशाला बोलाया पायजे? लेकीशी बोलतोय न्हवं?" ती म्हणायची. तिनं दिलीपला दिलेला शब्दही पाळला, आणि दिलीप काही गुणी मुलगा नव्हता. शाळा बुडवायचा, उलट बोलायचा. ती चिडली की दोन्ही हात पदरात गुंडाळून भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. तात्या म्हणायचे, "झालं का?" ती म्हणायची, "न्हाई अजून," आणि तशीच उभी राहायची.

कमल दहावी झाली, एका कंपनीत वायरिंगच्या कामाला लागली. तिचं लग्न ठरलं तेव्हा माणिकराव पहिली पत्रिका घेऊन गिरणीत आला. केस पांढरे झाले होते. रांगेतल्या बायका बाजूला झाल्या. त्यानं पत्रिकेवर अक्षता ठेवल्या आणि म्हणाला, "आक्का, तुमी यायचंच." आक्का म्हणाली, "येनार की." दोघांचं बोलणं तेवढंच. लग्नात ती बायकांच्या पंगतीला न बसता सकाळपासून रात्रीपर्यंत वाढत होती.

पुढे आम्ही संत तुकाराम नगरला राहायला गेलो. तात्या वारल्यावर आक्कानं गिरणी दिलीपकडे सोपवली आणि ती अधूनमधून मोशीला भावाकडे जाऊन राहायला लागली. येणंजाणं कमी झालं.

तिला मी शेवटचं पाहिलं ते पिंपरीच्या बसस्टॉपवर. भर दुपार, रस्त्यावर ट्रकची धूळ, स्टॉपवर गर्दी. तिच्याबरोबर दिलीपचा मुलगा होता, तीन-साडेतीन वर्षांचा. त्याला काय हवं होतं कोण जाणे; तो भर रस्त्याच्या कडेला आडवा पडून, हातपाय आपटत, घसा फाडून रडत होता. लोक बघत होते. एक गृहस्थ म्हणाले, "एक द्या ठेवून आजी, गप्प बसेल." कुणीतरी त्याला उचलायला पुढे झालं, तर तिनं हातानंच नको म्हटलं.

मोशीकडे जाणारी बस आली. कंडक्टरनं घंटी धरून विचारलं, "आजी, यायचं ना?"

"जावा तुमी," आक्का म्हणाली.

बस गेली. मग ती सत्तरीची बाई नऊवारीचा ओचा सावरून, त्या धुळीत, नातवाच्या शेजारी खाली बसली. त्याला हात लावला नाही, काही समजावलं नाही, लोकांकडेही बघितलं नाही. मी जवळ गेले, तेव्हा तिनं वर पाहिलं, ओळखलं, हसली. "इमल, बस की," म्हणाली, जणू घरातल्या ओट्यावरच बसलोय. मला दवाखान्यात पोचायचं होतं. दोन शब्द बोलले तोवर माझी बस आलीच.

खिडकीतून मी मागे पाहिलं. पोरगं अजून रडत होतं, पण आता उठून बसलं होतं. आक्का रस्त्याकडे बघत होती. आणखी एक मोशीची बस येऊन उभी राहिली. ती उठली नाही.